मुंग्या न येणारी गच्ची

चोपडा
९ मार्च २०२५

चि. कामिनी,
अनेक आशीर्वाद.

'टच्' असा एक आवाज होता. अमृतशेठच्या दुकानात आढ्याला सुताचं रीळ टांगलेलं असे. शेठ जुन्या वर्तमानपत्राच्या कागदात साखर बांधत, वरून दोरा ओढून पुडीला चार वेढे देत आणि बोटाला पीळ घालून तो तोडत. टच्. मी सात वर्षांचा असेन. घरी येईपर्यंत तोच आवाज तोंडाने काढत यायचो आणि आई आतून म्हणायची, आला वाटतं शेठ.

आज तुझं पत्र वाचताना तो दोरा पुन्हा तुटला. तुझ्या पत्रात सगळी पाकिटं, पिशव्या, डबे आणि झाकणं. तुमच्या प्रयोगशाळेत शेव-चिवड्याची पाकिटं तपासतात, पाकिटातलं विष खाण्यात उतरतं का ते बघतात, हे मला कळलं. यंत्राचं नाव कळलं नाही, पण ते तू पुन्हा लिहू नकोस. पुन्हाही कळणार नाही.

फोन करत जा असं तू म्हणतेस. अगं, फोन कानाला लावला की आत माशी अडकल्यासारखी घोंघावते, माणूस बोलतच नाही. कागदावरची माणसं अजून मला स्पष्ट ऐकू येतात. तुझे वडील होते तेव्हा माझ्या लांबलचक पत्रांना कंटाळायचे. म्हणायचे, दादा, चार ओळींत लिहा. धाकटा भाऊ असून मला शिकवायचा. आता त्याच्या वाटणीची पत्रं तुला.

तर तू मागितलेली वस्तू पाठवतो आहे. दुकानाचं प्लास्टिक ज्याला कधी शिवलं नाही असं घरचं काहीतरी हवं, म्हणजे त्याच्याशी पाकिटातल्या मालाची तुलना करता येईल, असं तू लिहिलंस. मी म्हटलं, याला उत्तर एकच. यशोदाबाईंची बिबडी, आपला खानदेशी ज्वारीचा पापड. तुझ्या लहानपणी त्यांच्या दारात बसून अर्धवट वाळलेल्या बिबड्या तू किती खाल्ल्यास याची नोंद कुठल्याच यंत्रात व्हायची नाही. अजूनही त्या शेजारीच राहतात. नवरा गेल्यापासून बिबड्यांवरच घर चालवतात, आणि रोज मला दोन भाकरी देऊन पाच मिनिटं बसतात. साठेक घरं ठरलेली आहेत. ज्वारी, तीळ, लसूण, जिरं, मीठ. सहावी गोष्ट नाही. कापडी पिशवीत शिवून पाठवली आहे, शिवण माझी, म्हणून वाकडी.

तुझ्या त्या पाकिटांच्या खटल्यात ही आमची साक्षीदार समज.

तुझा
आबा


धुळे
२० मार्च २०२५

ती. आबा,
साष्टांग नमस्कार.

साक्षीदार सुखरूप पोहोचली. दोन बिबड्या भाजून आधी मी खाल्ल्या, एक आमचे शिपाई निंबाभाऊ यांनी खाल्ली आणि उरलेल्यांची पूड करून बरणीत ठेवली. हितेंद्र सर, म्हणजे आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख, बघत होते. म्हणाले, नमुना खायचा नसतो. मी म्हटलं, सर, हा नमुना चोपड्याचा आहे. त्यावर ते हसले नाहीत. ते कधीच हसत नाहीत, तुम्ही मनावर घेऊ नका.

तुमच्या अमृतशेठना मात्र मी पास करू शकत नाही. वर्तमानपत्राची शाई हीच आमच्या यादीतली एक गुन्हेगार आहे. गरम भजी कागदावर ठेवली की तेलात ती उतरते. साखरेचं तेवढं बिघडत नाही, म्हणून शेठना काठावर सोडते.

इथलं काम थोडक्यात सांगते. धुळे-जळगाव भागातली चाळीस पाकिटं आम्ही घेतली आहेत. केळी वेफर्स, शेव, लोणचं, पापड. प्लास्टिकमध्ये ते मऊ राहावं, रंग टिकावा म्हणून द्रव्यं घालतात, ती खाण्यात किती उतरतात ते मोजायचं. पण मोजण्याला आधार लागतो. काहीच उतरलेलं नाही असा एक स्वच्छ नमुना शेजारी ठेवला तरच बाकीच्यांबद्दल बोलता येतं. तो नमुना आणण्याचं काम सरांनी माझ्याकडे दिलं. माझी नेमणूक मेअखेरपर्यंत आहे. हा अहवाल नीट गेला तर पुढे तीन वर्षांसाठी ठेवतील असं सगळे म्हणतात. सर काही म्हणत नाहीत.

यशोदामावशींना माझा नमस्कार सांगा. लसूण थोडा जास्त झालाय म्हणावं, मुद्दाम चिडवायला.

कामिनी


चोपडा
२९ मार्च २०२५

चि. कामिनी,

निरोप पोहोचवला. यशोदाबाई म्हणाल्या, तिची जीभ धुळ्याला जाऊन बिघडली. पण मग मोठा डबा भरून ठेवला, तू आलीस की द्यायला.

तुझं स्वच्छ नमुन्याचं वाचलं आणि मला माझा सातवीचा वर्ग आठवला. कविता पाठ म्हणून घेताना मी आधी सगळ्या वर्गाला एका सुरात म्हणायला लावायचो. चाळीस गळे. त्यात कोण चुकतोय ते कळत नसे. मग एका चांगल्या मुलीला एकटीला उभं करायचो आणि तिच्या शेजारी एकेकाला म्हणायला लावायचो. लगेच कळे, याची ओळ कुठे घसरली. तुमचं विज्ञान म्हणजे माझा सातवीचा वर्गच की.

इथे ऊन चढलंय. आपल्या केळीवाल्या भटूच्या मळ्यात घड भरलेत, निळी कुंची घालून उभे आहेत. मी परवा चार ओळी केल्या:

निळी कुंची लेवून उभ्या
केळीच्या या गवळणी,
वारा त्यांना विचारतो
घडाआड कोण राणी?

भटूला ऐकवल्या. तो म्हणाला, आबा, भाव बी सांगा ना त्यामा.

यंत्राला आमची बिबडी आवडली का ते कळव.

आबा


धुळे
११ एप्रिल २०२५

ती. आबा,

आज कविता नको. कृपा करून या पत्राचं उत्तर लगेच द्या.

तुलनेचा नमुना बिघडला. आमच्या बाजारातल्या चाळीस पाकिटांत जे निघालं त्यापेक्षा यशोदामावशींच्या बिबडीत जास्त निघालं. प्लास्टिकमधली द्रव्यं तर निघालीच, पण एक कीटकनाशकही निघालं, पिकावर वापरतात ते. मी तीनदा यंत्र चालवलं. तिन्ही वेळा तेच.

ज्वारी, तीळ, लसूण. त्यात हे कुठून येणार? म्हणून सर म्हणाले, नमुना नाही, तू बिघडलीस. काचेचं भांडं नीट धुतलं नसशील, हातमोजे बदलले नसशील, बरण्यांची अदलाबदल केली असशील. सगळ्यांसमोर म्हणाले. आबा, मी भांडी सहा वेळा धुते. निंबाभाऊ मला हसतात, की ताई, काच झिजेल.

पण आता मलाच माझी खात्री वाटेना. ज्याचा तुलनेचा नमुनाच घाण, त्याच्या चाळीस पाकिटांवर कोण विश्वास ठेवणार? १२ मेला अहवाल जायचा आहे. तोपर्यंत हे कुठून आलं ते सापडलं नाही तर मी केलेलं सगळं काम बाद होईल आणि मीही.

तुम्ही मला एवढं सांगा. बिबडी बनवली तेव्हा जवळ कुठे फवारणी झाली होती का? पाणी कुठलं? कशावर वाळवली, कशात ठेवली? नीट आठवून लिहा.

कामिनी


चोपडा
१७ एप्रिल २०२५

चि. कामिनी,

तुझं पत्र वाचून जीव थोडा थोडा झाला. सरांना सांग, ही मुलगी पाचवीत असताना हस्ताक्षराचं पान एक खाडाखोड झाली म्हणून चार वेळा लिहायची. ती भांडं न धुता ठेवणार नाही.

आता तुझे प्रश्न. फवारणी नाही. गल्लीत कुठली फवारणी? पाणी नळाचं, गाळून घेतलेलं. आदल्या दिवशी ज्वारी भिजते. पहाटे चुलीवर मोठ्या पातेल्यात तिचा घाटा शिजतो, रटरट रटरट. मग जुनं, शंभरदा धुतलेलं पांढरं धोतर पाण्यात पिळून पसरतात आणि त्यावर ओल्या हाताने गरम घाटा थापतात. चंद्रासारखी एकेक बिबडी. पोरांनी काठी घेऊन बसायचं, कावळे हाकायचे. संध्याकाळी धोतर उलटं करून पाठीमागून पाणी शिंपडायचं, की बिबडी अलगद सुटते. सुटताना तिचा जो बारीक आवाज येतो ना, तो ऐकून आई म्हणायची, वाळली.

आम्हाला तेव्हा मुंग्यांचा मोठा त्रास. धोतराच्या चारी कोपऱ्यांना राख टाकावी लागे. आता यशोदाबाईंच्या गच्चीवर एक मुंगी फिरकेल तर शपथ. इतकं त्यांचं स्वच्छ काम. मी तर म्हणतो, हे निष्कलंक अन्न आहे. दोष असलाच तर तुमच्या यंत्रात असेल. यंत्रालाही कधीतरी ताप येत असेल.

धीर सोडू नकोस.

आबा


धुळे
२२ एप्रिल २०२५

ती. आबा,

तुमचं पत्र मी पाच वेळा वाचलं. रागावू नका, पण तुम्ही लिहिलेली ही बिबडी कुणाची? काठी घेऊन बसलेली पोरं कोण? तुमच्या गल्लीत आता धोतर कोण नेसतं? तुम्ही स्वतः मला आठवतं तेव्हापासून पायजमा घालता. आबा, तुम्ही मला आजीची बिबडी लिहून पाठवलीत. मला यशोदामावशींची हवी आहे, या वर्षीची.

आणि एक वाक्य मात्र आजीचं नाही. मुंगी फिरकत नाही. का फिरकत नाही? उन्हात ओला, शिजलेला ज्वारीचा घाटा आणि मुंगी येत नाही, असं कधी झालंय? आमच्या यंत्राने तीनदा जे सांगितलं तेच मुंग्या तुम्हाला रोज सांगताहेत.

माझ्यासाठी एक करा. गच्चीवर जा. तुमचा गुडघा दुखतो हे माहीत आहे, तरी जा. जे दिसेल तेवढंच लिहा. आठवलेलं लिहू नका.

कामिनी


चोपडा
२६ एप्रिल २०२५

चि. कामिनी,

गेलो. एकोणीस पायऱ्या आहेत. यशोदाबाई खाली जात्यावर डाळ भरडत होत्या.

गच्चीवर निळं प्लास्टिक आहे. लांब लांब पट्टे, एकाला एक लावून अंथरलेले. त्यावर बिबड्या आहेत. कोपऱ्याला विटा ठेवल्या आहेत. मुंग्या नाहीत. कठड्यापाशी दोन मेलेल्या माश्या आणि एक मेलेलं पाखरू होतं, पंख असलेलं, लहान. मी बिबडी उचलली. खालच्या बाजूला निळसर डाग आहे. मी तो आजवर बघितला नव्हता. ताटात आली की मी वरून बघतो.

ते प्लास्टिक भटूचं आहे. केळीच्या घडांवर चढवतात त्या पिशव्या. भटू त्यांना स्कर्टिंग म्हणतो. घड उतरवला की पिशवी फेकतात. मी काल मळ्यात जाऊन त्याला विचारलं. तो म्हणाला, "तेमा औषध ऱ्हास ना आबा. प्लास्टिकमाच भरेल शे. घडवर फवारानं कामच नही." म्हणजे कीटकनाशक प्लास्टिकमध्येच मुरवलेलं, म्हणून त्या तो बाहेरच्या एका व्यापाऱ्याकडून महाग घेतो. पिशवीवर काही नाही, गठ्ठ्याच्या वेष्टनावर छापलं होतं. मी भिंग लावून वाचलं. खाण्याच्या पदार्थाजवळ ठेवू नये. हिंदीत होतं, इंग्रजीत होतं. मी चौतीस वर्षं मुलांना वाचायला शिकवलं.

आता ऐक. त्या पिशव्या यशोदाबाईंना सुचल्या नाहीत. मला सुचल्या. दोन वर्षांपूर्वी त्यांची धोतरं विरली, तेव्हा त्या मला विचारायला आल्या, आबा, जुनं सुती काही आहे का. माझ्या ट्रंकेत वडिलांची सहा धोतरं घडी घालून आहेत. मी त्यांचा वास घेत बसतो कधीकधी. ती द्यायचं माझ्या जिवावर आलं. मी नाही म्हणालो आणि वर शहाणपणा केला, की भटूच्या मळ्यात निळ्या पिशव्या पडून असतात, धुतल्या की नव्यासारख्या. त्यांनी दोनदा विचारलं, चालतीन ना? मी म्हटलं, का नाही चालणार. मी म्हटलं म्हणून त्यांनी आणल्या, आणि मी ते विसरूनही गेलो.

त्यांना अजून सांगितलेलं नाही. चार दिवसांवर आखाजी आली, आपली अक्षय्य तृतीया. गावातल्या सगळ्या लेकी माहेरी यायला लागल्यात, परत जाताना प्रत्येकीच्या पिशवीत यशोदाबाईंच्या बिबड्या जातात. वर्षातला त्यांचा हाच एक मोठा आठवडा. आखाजी होऊ दे, मग मी सांगतो. तोवर तू अहवालात गावाचं नाव घालू नकोस. एवढं माझं ऐक.

आबा


धुळे
२८ एप्रिल २०२५

ती. आबा,

हे पत्र चोपडा गाडीच्या कंडक्टरच्या हाती देते आहे. पोस्टाने उशीर होईल.

आधी मनातली भीती काढा. एका बिबडीने कुणी मरत नाही. दोन वर्षांत कुणी आजारी पडल्याचं तुम्ही लिहिलं नाहीत आणि तसं असतं तर कळलं असतं. पण रोज थोडं थोडं पोटात जाणं वाईट, आणि लहान मुलांना जास्त वाईट. गरम घाटा थेट त्या प्लास्टिकवर पडतो, म्हणून औषध एवढं उतरतं. आखाजीनंतर सांगितलंत तर त्या बिबड्या साठ घरांतून दोनशे घरांत गेलेल्या असतील. मग कोण परत आणणार? आजच सांगा. तुमच्याने होत नसेल तर मी सुट्टी टाकून येते.

आणि तुम्ही स्वतःला जे बोलताय ते पुरे करा. तुम्ही ट्रंक उघडली नाहीत हे खरं. पण वेष्टनावरची सूचना भटूभाऊंनी वाचली नाही, विकणाऱ्याने सांगितली नाही, पिशवीवर तर छापलेलीच नाही. मी हे सगळं अहवालात लिहिणार आहे, कुणाचंही नाव न घालता. मला वाटतं आमच्या चाळीस पाकिटांपेक्षा हे महत्त्वाचं निघालंय. अशा किती गच्च्या असतील केळीच्या पट्ट्यात?

पण सर मानत नाहीत. मी त्यांना सगळं सांगितलं. म्हणाले, छान गोष्ट आहे. पुरावा आण. एकाच पातेल्यातला घाटा, अर्धा सुती कापडावर वाळवलेला, अर्धा निळ्या पिशवीवर. दोन्ही वेगळे बांधलेले. एकात औषध निघालं आणि दुसऱ्यात नाही निघालं, तर तुझा हात स्वच्छ. नाही तर तू आपली चूक गावावर ढकलते आहेस असं मी समजेन.

हे करून देणारं माणूस एकच आहे, आणि या आठवड्यात त्यांच्याकडे काही मागायचं मला तोंड नाही. तुम्हीही मागू नका. फक्त सांगा.

कामिनी


चोपडा
५ मे २०२५

चि. कामिनी,

सांगितलं. तुझं पत्र आलं त्याच दुपारी. यशोदाबाई बिबड्यांच्या चवडी रचत होत्या, बारा डबे भरून झाले होते. बाहेर पोरी झोका बांधत होत्या, त्यांची गौराईची गाणी मला ऐकू येत नव्हती, पण ओठ दिसत होते. मी म्हटलं, बाई, तुमच्या बिबड्यांत औषध निघालंय. त्यांना वाटलं, मी गंमत करतोय. मग मी तुझं पत्र वाचून दाखवलं. सगळं, शेवटच्या ओळीपर्यंत. आणि मग ट्रंकेचं सांगितलं, ते तुझ्या पत्रात पुरतं नव्हतं म्हणून.

त्या हातातली बिबडी उलटी करून बघत राहिल्या. मग विचारलं, "मन्ही नात बी हाईच खास ना?" मी म्हटलं, हो. मीही रोज खातो. त्यावर त्या म्हणाल्या, "तुमनं वय झायं आबा. ती चार वरीसनी शे."

मला त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग म्हणाल्या, "मी तुमनं आयकं, कारन तुम्ही मास्तर. आते मन्हं कोन आयकी?"

तेवढंच. पदर खोचला आणि निघाल्या. कामिनी, त्या दिवशी आणि आखाजीच्या दिवशी त्या घरोघर फिरल्या. उंबऱ्यात उभं राहून सांगायच्या, मन्ह्या बिबड्या परत द्या, त्या चांगल्या नहीत. बायका नाना तऱ्हेच्या. कुणी म्हणालं, दोन वर्षं खाल्ल्या, काय झालं? कुणी म्हणालं, गुपचूप राहा ना, सणाचं कशाला. एकीने तळलेल्या बिबडीचा तुकडा त्यांच्यासमोरच मुद्दाम तोंडात टाकला. एका म्हातारीने आमच्या घराकडे बोट दाखवून टोमणा मारला, "आबास्नी बठ्ठं गाव शिकाडं, आते बिबडी बी शिकाडी ऱ्हायनात का?" ते मला भटूने सांगितलं. आणि हेही सांगितलं, की त्या पिशव्यांची अक्कल कुणी दिली असं जिथे जिथे लोकांनी विचारलं, तिथे यशोदाबाईंनी उत्तर दिलं, चूक मन्ही शे. माझं नाव एकाही उंबऱ्यावर घेतलं नाही.

म्हणून काल मी स्वतः गेलो. त्यांच्या मागोमाग, त्याच घरांत. म्हटलं, अक्कल माझी होती. ज्यांना मी कविता शिकवल्या ती माणसं माझ्याकडे बघत होती. काहींनी बसा म्हटलं, काहींनी नाही म्हटलं.

बिबड्यांचं म्हणशील तर बहुतेक परत आल्या. अंगणात ढीग आहे. जाळू नका, असं मी भटूकरवी कळवलं. तू सांगशील तसं करू. सहा धोतरं मी तिसऱ्याच दिवशी त्यांच्या पायरीवर ठेवली. संध्याकाळी ती तिथे नव्हती. त्यांनी उचलली की वाऱ्याने गेली, विचारणार कोणाला? भाकरी येते. सकाळी झाकलेलं ताट खिडकीत असतं. पण त्या बसत नाहीत, बोलत नाहीत. त्यांच्या धुराड्यातून पहाटे धूर दिसतो. गच्चीवर काही चाललंय की काय, पण तो जिना चढायचा माझा हक्क आता संपला.

तुझा पुरावा मी मागितला नाही. तू म्हणालीस म्हणून नव्हे, धाडसच झालं नाही. त्याऐवजी सोबत सरांच्या नावे एक पत्र जोडलंय. त्यात सगळं माझ्या सहीनिशी लिहिलंय. चौतीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाची सही आहे, काही किंमत असेल तर बघ.

आबा


धुळे
९ मे २०२५

ती. आबा,

तुमचं पत्र काल पोहोचलं. सरांना दिलं. त्यांनी उभ्याउभ्या पूर्ण वाचलं, घडी करून परत दिलं आणि म्हणाले, अक्षर सुंदर आहे. मग म्हणाले, पत्र हा पुरावा नव्हे.

ते चुकीचं बोलले असं मी म्हणणार नाही. मीही त्यांच्या जागी असते तर हेच म्हटलं असतं. सोमवारी अहवाल जाईल. त्यात तुलनेच्या नमुन्यासमोर 'हाताळणीतील दोष' असा शेरा असेल, आणि तो दोष माझ्या नावावर. गच्चीबद्दल एक ओळही जाणार नाही. मला नोकरीचं वाईट वाटतंय, पण त्या ओळीचं जास्त वाटतंय. बाकीच्या गच्च्यांवर उद्याही घाटा पसरणारच ना.

आज शेवटचं म्हणून माझी भांडी धुऊन ठेवली. निंबाभाऊ म्हणाले, ताई, आता तरी एकदाच धुवा. मी हसले आणि मग मला रडू आलं. त्यांनी चहा आणून दिला, काचेच्या ग्लासात, मुद्दाम.

तुम्ही घराघरांत गेलात हे वाचून मी किती वेळ बसून होते ते तुम्हाला सांगत नाही. तुमच्यावर माझा राग नाही. यशोदामावशींचा असेल, तर तो त्यांचा आहे, तो राहू द्या. भाकरी येतेय ना, मग खात जा. त्यांना बोलायला लावायला जाऊ नका. तुम्हाला शांतता सहन होत नाही, तुम्ही लगेच काहीतरी आठवून सांगायला लागता. या वेळी नका सांगू.

मी मेअखेरीला चोपड्याला येईन. पुढे काय करायचं ते

आबा, मध्येच थांबवलं होतं. निंबाभाऊ सांगत आले, फाटकापाशी एक बाई आली आहे, अमळनेरला गाडी बदलून आली म्हणते, एकटीच. नाव विचारलं तर नाव सांगत नाही, आधी मोठ्या साहेबाले बलाव म्हणते. दोन गाठोडी आहेत. निंबाभाऊंनी हातातून घ्यायला बघितली तर म्हणाली, हात नको लावू, साहेबाले मी मन्हा हातेच दिसू. त्यांना वाटलं, काहीतरी विकायला आली असेल. त्यांनी बाहेर बसायला सांगितलं, तर ती त्यांच्या मागोमाग आतच निघून आली.

मी जागेवरूनच लिहिते आहे. हितेंद्र सर त्यांच्या खोलीतून बाहेर आले आहेत. दाराच्या काचेतून मला आधी गाठोडी दिसली. एकाला पांढरी चिंधी बांधली आहे, एकाला निळी. दोन्ही एकमेकांना लागू नयेत म्हणून दोन्ही हात असे लांब धरलेले, की दाराला कोपर लावून ढकलावं लागलं.

सरांनी विचारलं, कोण पाहिजे तुम्हाला?

"कोनीच नको," यशोदामावशी तिथेच खाली बसत म्हणाल्या. "एकच पातेलं, एकच घाटा. अर्धा कपडावर, अर्धा निळावर. आते मशीन चालू करा, मी आठेच बठसू."